महानगरातील शाश्वत वाहतुकीचे नियोजन कुठून सुरू करावे?

मुंबई महानगर प्रदेशात मेट्रोचे जाळे पूर्ण झाले की शाश्वत वाहतुकीचा प्रश्न सुटेल का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते मेट्रो हवीच, परंतु घर ते स्टेशन या टप्प्याचा विचार आधी झाला नाही, तर तिचा बराचसा उपयोग वाया जातो.

मी ठाण्यापलीकडच्या एका उपनगरात राहतो. स्टेशन जेमतेम दीड किलोमीटरवर आहे. पण पदपथावर मध्येच विजेचा डीपी उभा आहे, पुढे गटाराचे झाकण उचकटलेले आहे, त्यापुढे दुचाक्या लावलेल्या असतात, आणि म्हणून सकाळी पावणेआठला धडधाकट माणसेही शेअर रिक्षाच्या रांगेत ताटकळतात. कंटाळून माणूस दुचाकी घेतो आणि मग थेट कामाच्या ठिकाणापर्यंत तिच्यावरूनच जाऊ लागतो. हप्ता भरतोच आहोत, मग लोकलचा पास कशाला, हा हिशेब मीही करून पाहिलेला आहे.

2008 साली पूर्ण झालेल्या सर्वंकष वाहतूक अभ्यासात या प्रदेशातील निम्म्याहून अधिक फेऱ्या पायी होत असल्याचे आढळले होते. तरीही पदपथ हा आपल्याकडे रस्त्याच्या कामातला उरलासुरला भाग समजला जातो, आणि मोठा खर्च मात्र 21.8 किलोमीटरच्या अटल सेतूसारख्या, प्रामुख्याने मोटारींच्या सोयीच्या प्रकल्पांवर होतो.

बसची गोष्ट याहून बोलकी आहे. जुलै 2019 मध्ये बेस्टने किमान भाडे 5 रुपयांवर आणले, तेव्हा दुरावलेले प्रवासी मोठ्या संख्येने परतले. म्हणजे लोकांना बस नको होती असे नाही. मे 2025 मध्ये तेच भाडे 10 रुपये झाले. भाडेवाढीपेक्षाही मला बसची अनिश्चितता अधिक घातक वाटते, कारण दर दहा मिनिटांनी नक्की येणाऱ्या बससाठी माणूस थांबतो, केव्हातरी येणाऱ्या बससाठी थांबत नाही. त्यातच बेस्ट, ठाणे, नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली, मीरा-भाईंदर आणि वसई-विरार यांच्या बससेवा वेगवेगळ्या आहेत, प्रवासी मात्र एकाच फेरीत दोन-तीन हद्दी ओलांडतो. मार्ग, वेळापत्रक आणि तिकीट ठरवण्याचा अधिकार एकाच प्राधिकरणाकडे, आणि तोही कायद्याने दिलेला, असावा असे मला वाटते.

गुंदवलीला मेट्रो 7 मधून उतरल्यावर पुलावरूनच मेट्रो 1 च्या स्थानकात जाता येते, खाली महामार्गावर उतरावे लागत नाही. नव्या प्रत्येक स्थानकाच्या आराखड्यात बसथांबा आणि रिक्षातळ इतकेच जवळ दाखवल्याखेरीज त्याला मंजुरीच देऊ नये.