तापातून उठलेला माणूस आणि मांजरीचं पिल्लू

'वीक ॲज अ किटन'चं भाषांतर 'मांजरीच्या पिल्लासारखा अशक्त' असं केलं तर चालेल का, आणि इंग्रजीत अशक्तपणासाठी आणखी कुठले प्राणी येतात, असा प्रश्न आहे.

माझ्या मते चालणार नाही. अर्थ पोचेल, पण चित्र उभं राहणार नाही. नुकतं जन्मलेलं पिल्लू साधारण १०० ग्रॅमचं. डोळे उघडायलाच आठ-दहा दिवस घेतं, आणि तिसऱ्या आठवड्यात चालू लागलं तरी गुळगुळीत फरशीवर पाय चारी दिशांना घसरतात. इंग्रजाला दिसतं ते हे लटपटणं. म्हणून ही उपमा बहुधा तापातून किंवा ऑपरेशनमधून उठलेल्याला लागते: एरवी धडधाकट, पण आज मोरीपर्यंत भिंत धरून जाणारा. 'वीक ॲज अ कॅट' म्हणजेही तेच.

मराठीत 'भिजलेल्या मांजरासारखा' माणूस मान खाली घालून गप्प बसतो. शेळी भित्री, गोगलगाय वरवर गरीब. आपण प्राणी स्वभावाला चिकटवतो. देहासाठी काडी, चिपाड, हाडांचा सापळा, नाहीतर पाप्याचं पितर! पण हे सगळे हडकुळे. आजारातून उठलेला पैलवान यांत बसत नाही.

बाकीचे इंग्रजी प्राणी जरा फसवे आहेत. 'सिक ॲज अ डॉग'मध्ये रोख बऱ्याचदा उलट्यांकडे असतो. 'ड्राउन्ड रॅट' अशक्त नसतो, नुसता ओलाचिंब असतो. 'लेम डक' म्हणजे लंगड्या बदकाचा पाय मोडलाय खरा, पण लंडनच्या शेअरबाजारात: देणं न फेडू शकणारा सटोडिया. इंग्रज लेखक होरेस वॉलपोलच्या १७६१च्या पत्रात हा शब्द बाजारातल्या बैल-अस्वलांच्या, म्हणजे तेजी-मंदीवाल्यांच्या, जोडीनेच येतो. राजकारणात तो नंतर शिरला.

प्राणी सोडून जरा पाण्याकडे वळतो, कारण इथे गंमत आहे. १६११च्या इंग्रजी बायबलात, यहेज्केलच्या पुस्तकात, गुडघे 'वीक ॲज वॉटर' होतात. आपल्याकडे मात्र 'त्याच्यात पाणी आहे' म्हणजे दम आहे.

तर भाषांतरात मांजर सरळ सोडून द्या. 'अंगात त्राणच उरलं नाही', 'पार गळून गेलोय' हे रोजचं बोलणं पुरेसं आहे. फक्त 'हातपाय गळाले' नको, त्यात ताकद जात नाही, धीर जातो. लटपटणं हवंच असेल तर: 'दोन पावलं टाकली की पाय लटपटतात.'