जुन्या ॲम्बेसेडरचा कार्बोरेटर गळतो आणि सायलेन्सरचा आवाजही वाढलाय. आधी काय दुरुस्त करू?

तुमच्याकडे ॲम्बेसेडरचं मार्क थ्री मॉडेल आहे, सोलेक्स कंपनीच्या कार्बोरेटरमधून पेट्रोल ठिबकतंय, मागून आवाज वाढलाय आणि मिस्त्री म्हणतोय आधी सायलेन्सर बदला. मी म्हणतो, आधी गळती, आणि ती थांबेपर्यंत गाडी सुरूच करू नका. या १४८९ सीसी इंजिनात कार्बोरेटर आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (इंजिनातला धूर बाहेर नेणारा बिडाचा नळ) एकाच बाजूला आहेत. कार्बोरेटर वर, तापलेलं मॅनिफोल्ड खाली. ठिबकणारा थेंब कुठे पडतो ते बॉनेट उघडून एकदा बघाच.

इंदूरला आमच्या रामबागेतल्या घरी वडिलांची ॲम्बेसेडर आहे. ओंकारेश्वरला निघालो होतो. भेरूघाट उतरताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की मागे फटाके फुटायचे. एका वळणावर मोठा धडाका झाला आणि सायलेन्सरची शिवण उसवली. नवा बसवला, तोही फार दिवस टिकला नाही. शेवटी एका वयस्क उस्तादांनी सायलेन्सरकडे न बघता प्लग काढायला लावले. चारही काजळीने काळे ठिक्कर! कार्बोरेटरमधल्या फ्लोटच्या (पेट्रोलवर तरंगणाऱ्या डबीच्या) कोठीत पेट्रोल ठरलेल्या पातळीच्या वर चढत होतं, जास्तीचं न जळता मागे जात होतं आणि सायलेन्सरच्या पोटात पेट घेत होतं. म्हणून मला वाटतं, तुमच्या दोन तक्रारींचं मूळ एकच असावं.

इंजिन पूर्ण थंड होऊ द्या, बॅटरीची वायर काढा, ड्राय पावडरचा अग्निशामक हाताशी ठेवा. कार्बोरेटर पुसून कोरडा करा आणि सांध्यांवर खडूची पूड चोळा. पंप इंजिनवर चालणारा असेल तर हँडलने इंजिन हळूहळू फिरवा. पूड जिथे आधी ओली होईल तिथून गळती. नळीच्या युनियनपाशी (जोडापाशी) ओली झाली तर फायबरची वॉशर बदलून काम होतं. वरच्या झाकणाच्या कडेने किंवा आत घशातून आलं, तर नीडल (फ्लोट वर आला की पेट्रोलची वाट बंद करणारी सुई) नाहीतर फ्लोट.

फ्लोट पितळी असेल तर काढून कानाशी हलवा. आत खळखळ ऐकू आली की तो फुटलाय. नाही ऐकू आली तरी गरम पाणी अंगणात आणून त्यात बुडवा (गॅसजवळ मुळीच नको). बारीक छिद्रातूनही बुडबुड्यांची माळ निघते. झाळून घेता येतो, पण आतलं पेट्रोल पूर्ण उडाल्यावरच, आणि कथील अगदी कमी. फ्लोट जड झाला की पातळी परत चढते. नीडलच्या टोकावर गोल चर पडली असेल तर घासत बसू नका, ती जिथे टेकते त्या सीटसकट नवी घाला. सीटखालच्या वॉशरची जाडी जुन्याइतकीच हवी. जाड घातली की पेट्रोलची पातळी उतरते, पातळ घातली की चढते. हे सांगायला फार जण विसरतात.

रबरी नळ्या सगळ्या बदला. २०२३ पासून २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल पंपांवर येऊ लागलं, ते जुन्या रबराला सोसत नाही. पंपाच्या पडद्यालाही नाही. ऑइलच्या डिपस्टिकला पेट्रोलचा वास आला तर पडदा फाटला असू शकतो. ते ऑइल काढून टाका, त्यावर इंजिन चालवू नका.

आता आवाज. थंड असताना टकटक आणि तापल्यावर बंद, असं असेल तर मॅनिफोल्डचं पॅकिंग बघा. इथे एक खोड आहे. इनलेट (कार्बोरेटरकडून इंजिनात नेणारं) आणि एक्झॉस्ट ही दोन्ही मॅनिफोल्ड एकाच पॅकिंगवर बसतात आणि काही नटांखालची जाड वॉशर दोघांच्या कडा एकदम दाबते. एका कडेची जाडी कमी असली की ती बाजू सैलच राहते, नट कितीही आवळा. सरळ पट्टी लावून बघा, फट दिसली तर फेस मारून (यंत्रावर सपाट करून) घ्या. नट मधून बाहेरच्या बाजूला आवळत जा आणि इंजिन एकदा तापून निवल्यावर पुन्हा आवळा.

फायरवॉलच्या (इंजिन आणि बसायची जागा यांमधल्या पत्र्याच्या) भोकांतले रबर जागेवर आहेत ना, तेही बघा. मॅनिफोल्डचा धूर तिथूनच आत येतो, आणि त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

एवढं झालं की शंभर-दीडशे किलोमीटर चालवून प्लग काढा. रंग चॉकलेटी आला तर खुशाल सायलेन्सर बदला. काळाच आला तर सायलेन्सरचे पैसे तूर्त खिशात ठेवा आणि फ्लोटची कोठी परत उघडा.