शंट कितीचा घ्यावा?

प्रश्न : माझ्याकडे १२ व्होल्टची, २०० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी, २००० वॉटचा इन्व्हर्टर आणि ४० अँपिअरचा सोलर चार्जर आहे. बॅटरी मॉनिटर लावायचाय, त्याला करंट मोजायला शंट (वायरीच्या वाटेत बसणारी धातूची पट्टी) लागतो. मेव्हणे म्हणतात १०० अँपिअरचा शंट पुरे, मित्र म्हणतो ५००चाच घे. कोणाचं ऐकू?

उत्तर : मेव्हण्यांनी बहुतेक चार्जरचा आकडा पाहिला. शंट ठरतो तो सगळ्यात जास्त ओढणाऱ्या उपकरणावरून, म्हणजे तुमच्या इन्व्हर्टरवरून. २००० वॉट बाहेर द्यायचे तर तोटा धरून तो आत २२०० तरी घेणार. भागिले १२, म्हणजे १८० अँपिअरच्या वर. शंटवरच्या आकड्याच्या दोन-तृतीयांशापेक्षा जास्त करंट सतत चालवू नये, नाहीतर तो तापतो आणि वाचन सरकतं. या हिशोबाने ३००चा शंट बसतो.

मग ५००चा का नको? चालेल की. पण ५०० अँपिअर वाहताना ५० मिलिव्होल्ट देणाऱ्या शंटवर ०.१ अँपिअरला जेमतेम १० मायक्रोव्होल्ट मिळतात. साध्या मॉनिटरला ते दिसतच नाहीत. राउटर किंवा इन्व्हर्टरचा स्टँडबाय असं काहीबाही रात्रंदिवस ओढत असतं, ०.१ अँपिअर जरी मोजायचा राहिला तरी आठवड्याला १७ अँपिअर-अवर होतात. मॉनिटर मात्र बॅटरी भरलेली सांगत बसतो! चांगल्या मॉनिटरला हा त्रास कमी, त्याच्यासोबत ५००चाच शंट आला असेल तर तोच बिनधास्त लावा.

खरेदीआधी बॅटरीचा बीएमएस (करंट फार वाढला की बॅटरी तोडणारं आतलं संरक्षक सर्किट) किती अँपिअरचा आहे ते लेबलवर बघा. अनेक २०० अँपिअर-अवरच्या बॅटऱ्यांत तो १००चाच असतो. तसं असेल तर इन्व्हर्टर पूर्ण लोडवर चालणारच नाही, बीएमएस आधीच तोडेल. तेव्हा मेव्हणे अर्धे बरोबर ठरतील, तरी शंट १५०चा घ्यावा.

सुटा शंट घेतलात तर त्यावरचे मिलिव्होल्टही वाचा. मॉनिटर ५०चा आणि शंट ७५चा असेल तर करंट दीडपट दिसेल. जोडणी निगेटिव्हला. बॅटरीच्या निगेटिव्ह बोल्टवर फक्त शंटकडे जाणारा एकच लग (वायरीच्या टोकाची धातूची रिंग) हवा. चार्जरची निगेटिव्ह थेट तिथे लावलीत तर चार्जिंग मोजलंच जाणार नाही.