कातकरी वाडीतले अंध वैदू बाहेरच्या माणसाची परीक्षा का घेतात? तयारी काय करून जावं?

तुम्ही विचारलंय की रायगडच्या किनाऱ्यालगतच्या डोंगरात एक अंध कातकरी वैदू आहेत, 'देवाचं औषध' शिकवण्याआधी ते अनोळखी माणसाला पारखून घेतात असं ऐकलंय, तर ही परीक्षा असते तरी कसली. मी वनस्पतिशास्त्र शिकवते आणि फणसाड अभयारण्याच्या बाजूच्या एका वाडीत अशाच एका बाबांकडे बरीच वर्षं जाते. त्यांचं नाव आणि वाडी इथे लिहीत नाही, मागूही नका.

परीक्षा असते, आणि बरेच जण तिथूनच परत येतात. मंत्र, उपास, अमावास्येला रानात बसणं असलं त्यात काही नाही.

बाबांची नजर काचबिंदूने गेली. त्यामुळे मोबाइलवरचा फोटो पुढे धरून "बाबा, हे कोणतं झाड?" असं विचारायची सोय नाही. उलट तेच तुमच्या हातात एक पान देतात आणि म्हणतात, "नाव नको सांगू. पान कसं हाय ते सांग." शिकलेली माणसं इथेच अडकतात. हिरवं आहे, लांबट आहे, एवढं सांगून होतं आणि पुढे शब्द सुचत नाहीत. बाबांना हवं असतं ते वेगळंच. देठ आहे की पान थेट खोडालाच चिकटलंय? शिरा कुठून निघतात? पाठ खरखरीत आहे का? चुरगाळल्यावर वास कसला येतो, चीक निघतो का?

एकदा माझ्यासमोर त्यांनी एका मुलाला कळलावीचं पान दिलं. पावसाळ्यात कुंपणाकुंपणावर तिची लाल-पिवळी फुलं दिसतात, फोटो सगळेच काढतात. पानाचं टोक मात्र कुणी बघत नाही. ते टोक पुढे दोऱ्यासारखं बारीक होऊन वळतं आणि त्याच्याच आधाराने वेल वर चढते. त्या मुलाने रंग सांगितला, लांबी सांगितली, टोक राहून गेलं. बाबांनी पान परत घेतलं आणि "पुढल्या पावसात ये" म्हणाले. मला हे मुळीच कठोर वाटलं नाही. कळलावीच्या कंदात कोल्चिसिन नावाचं विष असतं, माणूस दगावतो त्याने. कंद खणायला गेलेल्याला ते टोक ओळखता आलं नाही तर बाकी सगळं पाठ असून उपयोग काय?

दुसरी परीक्षा सालीची. "पांढऱ्या कुड्याची साल घेऊन ये," एवढंच सांगतात. कुड्याची साल आवेवरचं जुनं औषध आहे, आणि काळा कुडा दिसायला जवळपास तसाच, म्हणून सगळ्यांना वाटतं की परीक्षा झाड ओळखण्याची आहे. ती आहेच. पण बाबा साल हातात घेतात, कडेवरून बोटं फिरवतात, तुकडा किती रुंद आहे आणि किती वळलाय ते चाचपतात. खोडाभोवती पूर्ण फिरवून काढलेली साल असेल तर त्यांना लगेच कळतं. पानांनी तयार केलेलं अन्न सालीच्या आतल्या थरातूनच मुळांकडे जातं, गोल साल काढली की झाड उभ्या उभ्या मरतं. एका बाजूने अरुंद पट्टी काढली तर जखम भरून येते. ज्याने गोल साल आणली त्याला चहा मिळतो, औषध नाही. वर्गात मी हेच फळ्यावर आकृती काढून शिकवते, पण बोटांनी इतक्या अचूक कुणी तपासलेलं मी पाहिलेलं नाही.

जूनमध्ये गेलात तर शेवळं, म्हणजे पावसाळ्यातली रानभाजी, आणायला पाठवतील. नुसती शेवळं घेऊन आलात तर काकडं कुठायत, हे विचारणारच. शेवळांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, घसा खाजतो. त्यावर उतारा म्हणून भाजीत काकडाची आंबट फळं घालतात. बाजारात कातकरी बायका दोन्ही शेजारी शेजारी मांडून बसतात, तेवढं बघितलं तरी पुरे.

आता 'देवाचं' का? बाबा सांगतात की औषधाचं नाव उगाच चारचौघांत घेतलं तर त्याचा गुण जातो. मुळी काढण्याआधी झाडापुढे तांदूळ ठेवून परवानगी मागतात. या नियमाला अंधश्रद्धा म्हणणारे माझ्या ओळखीत पुष्कळ आहेत. मला तो पटतो, कारण अर्धवट ऐकून गेलेला माणूस दुसऱ्याला अर्धवटच सांगणार आणि त्यातून कुणाचा तरी जीव जाणार. आणि नियम पाळणारा हाच माणूस साप चावलेल्याला थांबवून ठेवत नाही, गाडी बघा आणि सरकारी दवाखान्यात न्या म्हणतो.

बाहेरच्यांबद्दलच्या सावधपणाला दुसरंही कारण आहे. केरळच्या अगस्त्य डोंगरात 1987 साली काणी आदिवासी वाटाड्यांनी शास्त्रज्ञांना थकवा घालवणारी 'आरोग्यपच्चा' ही वनस्पती दाखवली, तीही सुरुवातीला नको नको म्हणत. पुढे तिच्यापासून औषध बाजारात आलं आणि नफ्यातला वाटा काणींना देण्याची व्यवस्थाही झाली, ही चांगलीच गोष्ट. पण त्यांच्यातल्या काही वैदूंची नाराजी होती, आमचं ज्ञान आम्हाला न विचारता दिलं म्हणून. आपल्याकडे 2006 च्या वनहक्क कायद्यात जैवविविधतेच्या पारंपरिक ज्ञानावर समाजाचा सामूहिक हक्क मान्य केलेला आहे. म्हणजे एका बाबांनी हो म्हटलं तरी तेवढ्यावर ते छापायचा परवाना मिळत नाही, वाडीला विचारावं लागतं. वही उघडण्याआधी विचारा. रेकॉर्डिंग नको म्हटलं तर फोन पिशवीत ठेवा, खिशात चालू ठेवू नका.

जायचं तर पहिल्या पावसानंतर ते दिवाळीपर्यंत जा. दिवाळीनंतर वाडीतली बहुतेक कुटुंबं वीटभट्ट्यांवर आणि कोळसा पाडायला जातात, वाडीत म्हातारी माणसं तेवढी राहतात आणि त्यांच्या पोटापाण्याची ओढाताण असते. तेव्हा शिकायला जाऊन बसू नये. पैसे पुढे करू नका, बाबा घेत नाहीत. नारळ आणि तांदूळ घेऊन जा. तयारी करायचीच असेल तर आजपासून घराजवळचं एकच झाड धरा आणि त्याचं पान डोळे मिटून कुणाला तरी सांगून बघा, ऐकणाऱ्याला झाड ओळखू येतंय का ते.