शिकेकाईचा काढा की पावडरचा चिखल?

गेल्या वेळी पावसाळ्यातल्या केसगळतीवर लिहिताना मी जाता जाता शिकेकाईचा उल्लेख केला आणि झालं, या महिन्याची निम्मी पत्रं त्यावरच. आणि गंमत म्हणजे बहुतेकांची तक्रार एकच, शॅम्पू सोडला आणि केस अजून बिघडले. तर आज तेवढंच घेऊ.

प्रश्न: ताई, दीड महिना झाला शॅम्पू बंद करून. शिकेकाई, रिठा, आवळा तिन्हीच्या पावडरी आणल्या, दह्यात कालवून लेप लावते, अर्धा तास ठेवते मग धुते. तरी केस चिकटच राहतात आणि विंचरताना भुरभुर काहीतरी पडत राहतं, ऑफिसात काळा ड्रेस घालायची सोय नाही. सासूबाई म्हणतात बोअरच्या पाण्यामुळे होतंय, यूट्यूबवर सांगतात केसांना सवय व्हायला वेळ लागतो. नक्की काय करू? (बारामतीहून एक वाचक)

उत्तर: सासूबाईंना सांगा, या वेळी पाण्याला जरा सूट द्या. जड पाण्याचं आणि साबणाचं जमत नाही हे खरं, त्यातले क्षार साबणाशी मिळून पांढरट साका धरतात, तोच बादलीच्या कडेला चिकटलेला दिसतो. पण रिठा-शिकेकाईचा फेस साबणाचा नाही, तो येतो त्यांच्यातल्या सॅपोनिन नावाच्या नैसर्गिक घटकामुळे, आणि त्याचा असा साका होत नाही. (बाजारात शिकेकाई साबणाची वडी मिळते ती मात्र साबणच बरं का, नावाला भुलू नका, बोअरच्या पाण्यात तिचा साका धरणारच.) आणि सवय व्हायला वेळ लागतो वगैरे मला फारसं पटत नाही, दीड महिन्यानंतरही केस चिकट राहतायत म्हणजे धुण्यातच काहीतरी चुकतंय.

चुकतंय ते असं, तुम्ही केस धुतच नाही आहात, लेप देताय. पावडर म्हणजे शेंगेचा चोथा, तो पाण्यात विरघळत नाही, केसात अडकतो आणि वाळल्यावर पडतो, हीच तुमची भुरभुर. वर दही, म्हणजे स्निग्ध पदार्थ, तो निघायलाच वेगळं काहीतरी लागतं. आमच्या आजीने आयुष्यात कधी शिकेकाई डोक्यावर थापली नाही, ती उकळायची आणि गाळायची, गाळायची हे महत्त्वाचं.

खांद्यापर्यंतच्या केसांना शिकेकाईच्या ८-१० शेंगा, ५-६ रिठे, मूठभर आवळकाठी. सगळं काष्ठौषधीवाल्याकडे अख्खं मिळतं आणि अख्खंच घ्या, पावडरीत काय दळलंय ते कळत नाही. रिठे खलबत्त्यात हलके ठेचून आतली काळी टणक बी काढून टाका, फेस सालीत असतो. रात्री लिटरभर पाण्यात भिजवा, सकाळी त्याच पाण्यात मंद गॅसवर १५-२० मिनिटं उकळा. पातेलं मोठं घ्या हं, कारण रिठा दुधासारखा उतू जातो, मी पहिल्यांदा केला तेव्हा फोनवर बोलत होते आणि अर्धा काढा शेगडीखाली, वर तो तपकिरी चिकट डाग घासताना जे काय वाटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. कोमट झालं की हाताने चांगलं कुस्करा, जुन्या मलमलच्या ओढणीतून गाळा आणि चोथा पिळून घ्या. काढा चहासारखा पातळ दिसेल, फेस शॅम्पूपेक्षा कमी येईल, म्हणून घाबरून अजून रिठे टाकू नका, केस झाडूसारखे होतात. केस आधी पाण्याने पूर्ण ओले करायचे, मग काढा थोडा थोडा टाळूवर ओतत बोटांच्या पेरांनी चोळायचा, दोनदा, आणि मग भरपूर पाणी. डोळे घट्ट मिटून! रिठा डोळ्यात गेला तर अक्षरशः ब्रह्मांड आठवतं.

तेल आदल्या रात्री लावत असाल तर चमचाभर, वाटीभर नाही. वाटीभर खोबरेल काढायची ताकद या काढ्यात नाही, आपल्या आज्या दोन-दोनदा चोळायच्या ते त्यासाठीच. उरलेला काढा फ्रीजमध्ये ३-४ दिवस, आंबूस वास आला की झाडांना नाही, सरळ मोरीत.

प्रश्न: मी हॉस्टेलला राहतो, गॅस नाही, इंडक्शन लावलं तर वॉर्डन ओरडतात. रीलमध्ये खायचा सोडा आणि नंतर लिंबू सांगितलंय, करू का? (पुण्यातला विद्यार्थी)

उत्तर: नको रे बाबा. टाळू मुळात किंचित आम्ल असते, सोडा पडला अल्कली, त्याने केसाचं वरचं आवरण फुलतं आणि केस खरखरीत होतात, मग वर लिंबू म्हणजे थेट दुसरं टोक, टाळूवर ओरखडा असला तर झोंबतं ते वेगळं. तुझे केस बारीकच असणार, ४-५ रिठ्यांची साल रात्री गरम पाण्याच्या बाटलीत टाक (गीझरचं पाणी चालेल), सकाळी बाटली खळखळून हलव आणि रुमालातून गाळून घे. झालं. उरलेल्या पाण्यात लोकरी स्वेटर धू, त्यालाही उत्तम.

प्रश्न: अंड्याने केस धुतले आणि डोक्यात ऑम्लेट झालं, हसू नका.

उत्तर: हसले. पाणी गरम होतं. पुढच्या वेळी थंड पाणी, किंवा अंडं पोळीबरोबर खा, केसांना प्रोटीन तिथूनच मिळतं.

प्रश्न: माझा काढा काळाकुट्ट होतो, खराब झाला का? शिवाय मुलीच्या डोक्यात पिवळट जाड कोंडा आहे, त्याला किती रिठे घालू?

उत्तर: लोखंडी कढईत उकळत असणार तुम्ही. आवळ्यातलं टॅनिन आणि लोखंड मिळून काळा रंग होतो, मेंदीसाठी आपण मुद्दाम लोखंडी कढई घेतो ते यासाठीच. खराब नाही, पण टॉवेल जाईल, स्टीलचं पातेलं वापरा. कोंड्याचं मात्र रिठ्यावर सोडू नका. पिवळट, जाड, खाजणारा असेल तर बऱ्याचदा त्यामागे टाळूवरची बुरशी असते, रिठा जास्त केला तर टाळू अजून कोरडी पडून खाज वाढेल. त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा, ते औषधी शॅम्पू देतील तो सांगतील तितके दिवस वापरा, शॅम्पू आहे म्हणून नाक मुरडू नका. काढा नंतर परत सुरू करता येतो, शेंगा डब्यात घट्ट झाकण लावून ठेवल्या की वर्षभर टिकतात.