मुलगी अमेरिकेत दहावीत आहे, आम्ही एच-४ वर (एच-१बीवर काम करणाऱ्याच्या कुटुंबाला मिळणाऱ्या व्हिसावर) आहोत. कॉलेजच्या अर्जांसाठी आत्तापासून काय करायचं?

कॉमन अ‍ॅप (अनेक कॉलेजांना एकाच ठिकाणाहून अर्ज करायची वेबसाइट) १ ऑगस्टला उघडतं आणि अर्ज बारावीत भरायचे असतात, म्हणून वेळ भरपूर आहे असं वाटतं. पण अर्ज जाताना ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे शाळेच्या अधिकृत गुणपत्रकावर, नववी ते अकरावीचेच ग्रेड असतात. बारावीच्या पहिल्या सहामाहीचे ग्रेड मागाहून जातात आणि अर्ली, म्हणजे नेहमीच्या मुदतीआधी केलेल्या, अर्जांचे निकाल बहुतेक त्याआधीच लागलेले असतात. म्हणजे तुमच्या हातात खरं तर दहावीचं उरलेलं वर्ष आणि अकरावी एवढंच आहे.

त्यात सगळ्यात आधी विषयनिवड बघा, आणि तीही गणिताची. क्रम असतो अल्जिब्रा १, जिऑमेट्री, अल्जिब्रा २, प्रीकॅल्क्युलस, कॅल्क्युलस. दहावीत जिऑमेट्री चालू असेल तर नेहमीच्या वेगाने बारावीत प्रीकॅल्क्युलसपर्यंतच गाडी जाते, आणि इंजिनिअरिंगला ते तोकडं पडतं. उन्हाळ्यात एक कोर्स करून वर्ष भरून काढता येतं. पण फी भरण्याआधी काउन्सेलरकडून (शाळेतल्या मार्गदर्शकाकडून) ईमेलवर दोन गोष्टी लिहून घ्या: शाळा तो कोर्स ट्रान्सक्रिप्टवर चढवेल का, आणि पुढच्या वर्गात बसू देईल का. नुसत्या तोंडी होकारावर विसंबलात तर ऑगस्टमध्ये वेळापत्रक हातात येईपर्यंत काहीच कळत नाही.

एपी, म्हणजे शाळेतच शिकवले जाणारे कॉलेजच्या पातळीचे कोर्स, किती घ्यावेत, याला ठरलेला आकडा नाही. तुमच्या शाळेत काय शिकवलं जातं हे काउन्सेलर स्कूल प्रोफाइलमधून (शाळेच्या माहितीपत्रकातून) कॉलेजला कळवतो, त्यामुळे शेजारच्या शाळेतल्या मुलाने किती घेतले याला फारसा अर्थ नाही. सहा घेऊन तिघांत सी आणण्यापेक्षा चार नीट झालेले केव्हाही चांगले.

अ‍ॅक्टिव्हिटीजवर पालक सर्वांत जास्त जीव काढतात, तेवढी गरज नसते. कॉमन अ‍ॅपमध्ये फक्त १० जागा असतात आणि प्रत्येकीच्या वर्णनाला स्पेस धरून १५० अक्षरं. ‘रोबोटिक्स क्लबची सक्रिय सदस्य, विविध उपक्रमांत सहभाग’ यातून वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. ‘रोबोचा हात वजनाने वाकायचा, तो नव्याने बनवला, नवीन मुलांना वायरिंग शिकवलं’ यातून कळतं. शिवाय दर आठवड्याचे तास आणि वर्षातले आठवडे भरावे लागतात. दोन वर्षांनी आठवून लिहिले की ते आपोआप फुगतात, आणि बेरीज आठवड्याला ६० तासांवर गेली की कोणाचाच विश्वास बसत नाही. आजच एक साधी फाइल उघडून नोंदी ठेवायला लागा.

आता एच-४ बद्दल. मुलीला पगारी काम करता येत नाही, अगदी उन्हाळ्यातली दुकानातली नोकरीसुद्धा. बिनपगारी स्वयंसेवा चालते. फॅफ्सा या अर्जामार्फत मिळणारी केंद्र सरकारची आर्थिक मदत एच-४ वर मिळत नाही. कॉलेजची स्वतःची मदत आणि इन-स्टेट फी (राज्यातल्या रहिवाशांना लागणारी कमी फी) यांचे नियम मात्र कॉलेजगणिक आणि राज्यागणिक वेगळे आहेत, ते त्या त्या वेबसाइटवरच वाचा. ग्रीनकार्ड वाटेत असेल तर हेही लक्षात ठेवा: फॅफ्सा ज्या वर्षाचं उत्पन्न बघतो ते दहावीच्या जानेवारीपासून अकरावीच्या डिसेंबरपर्यंतचं. मोठ्या नफ्याचे शेअर्स विकायचे असतील तर शक्यतो ते वर्ष टाळा. आणि २१ पूर्ण झाले की एच-४ संपतो, म्हणजे कॉलेज चालू असतानाच एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) घ्यावा लागू शकतो.

एसएटी ही प्रवेशपरीक्षा पहिल्यांदा अकरावीत द्यावी, म्हणजे दुसऱ्या खेपेला जागा राहते. गुण लागतात की नाही हे कॉलेजवर आहे: एमआयटीने २०२२ मध्ये सक्ती परत आणली, तर युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया प्रवेशासाठी गुण बघतच नाही.

शिफारसपत्रांसाठी अकरावीला शिकवणारे दोन शिक्षक मे महिन्यातच गाठा. मागणी असलेले शिक्षक ठरावीकच पत्रं घेतात आणि सप्टेंबरपर्यंत त्यांच्याकडे जागा उरत नाही. वर्गातले दोन-तीन नेमके प्रसंग, एखादा प्रोजेक्ट, असं एका पानावर लिहून द्या. नाहीतर पत्र ‘मेहनती आणि गुणी’ एवढ्यावरच संपतं. ६५० शब्दांचा मुख्य एसे त्याच उन्हाळ्यात उरकावा.

अर्ली डिसिजन हा अर्ली अर्जाचा प्रकार बंधनकारक असतो, प्रवेश मिळाला तर तिथेच जावं लागतं. कॉलेजच्या नेट प्राइस कॅल्क्युलेटरमध्ये (मदत वजा जाता किती खर्च पडेल हे सांगणाऱ्या वेबपानावर) आकडे घातल्याशिवाय त्यावर सही करू नका. मात्र बरेच कॅल्क्युलेटर नागरिक आणि ग्रीनकार्डधारकांना धरून बनवलेले असतात, तेव्हा एच-४ साठी अ‍ॅडमिशन ऑफिसला वेगळं विचारा.

आपल्याकडे हमखास होणारा घोळ नावाचा. पासपोर्टवर वडिलांचं नाव मधे असतं, शाळेत ते गाळलेलं, एसएटीला तिसरंच काही. मग कॉलेजला गुण आणि अर्ज जुळवता येत नाहीत. शाळेच्या ऑफिसमधली नोंद आत्ताच तपासून घ्या, आणि सगळीकडे ईमेल तिचा स्वतःचा द्या. शाळेचा ईमेल पदवीदानानंतर बंद होऊ शकतो.