कीकॅड या सर्किट बोर्ड काढायच्या सॉफ्टवेअरच्या लायब्ररीत प्रत्येकाने पार्टचं वर्णन आपापल्या पद्धतीने लिहिलंय. ते एकसारखं कसं करायचं? त्यासाठी काही स्टँडर्ड आहे का?

तुम्ही लिहिलंय की तिघं डिझायनर आहात, लायब्ररी एकच आहे, आणि बीओएम (बोर्डाला लागणाऱ्या पार्टची यादी) काढला की एकच कपॅसिटर तीन ओळींत येतो. आमच्याकडे अगदी हेच रामायण झालं होतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

भोसरीतल्या एका छोट्या कंपनीत मी पंपाच्या कंट्रोलरचे बोर्ड काढतो. पहिला मोठा लॉट असेंब्लीला गेला तेव्हा तिथून फोन आला, "सर, हे तीन कपॅसिटर वेगळे आहेत का?" एका ओळीत ०.१ यूएफ, दुसरीत १००एन, तिसरीत १०४. तिन्ही एकच. १०४ म्हणजे १० वर चार शून्यं, तेवढे पिकोफॅरड. म्हणजेच १०० नॅनो, म्हणजेच ०.१ मायक्रो. पण परचेसवाल्याने बिचाऱ्याने इमानदारीत तीन रीळं मागवली होती आणि मशीनवर तीन फीडर (रीळं लावायच्या जागा) अडवले गेले होते. (प्रत्यक्षात वर्णन रोमन लिपीतच लिहायचं असतं. इथे उच्चाराप्रमाणे देतोय.)

आधी स्टँडर्डचं उरकतो. अख्ख्या वर्णनासाठी सगळे पाळतात असं एकच स्टँडर्ड नाही, तुकड्यातुकड्यांसाठी आहेत. किंमत (रुपये नव्हे, किती ओहम किंवा किती फॅरड ते) लिहिण्यासाठी आयईसी ६००६२, त्यातूनच ४के७ (४.७ किलोओहम) आणि ४आर७ (४.७ ओहम) ही पद्धत आली. दशांशचिन्हाच्या जागी अक्षर, कारण झेरॉक्समध्ये टिंब उडतं आणि ४.७ चे ४७ होतात. फूटप्रिंटच्या (पार्ट जिथे बसतो त्या बोर्डावरच्या ठशाच्या) नावासाठी आयपीसी-७३५१. ड्रॉइंगवर पार्टचा प्रकार सांगणाऱ्या आर (रेझिस्टर), सी (कपॅसिटर), यू (आयसी), क्यू (ट्रान्झिस्टर) या खुणांसाठी एएसएमई वाय१४.४४. कीकॅडचे स्वतःचे लायब्ररीचे नियमही आहेत, ते एकदा वाचाच. आयईसी ६१३६० मध्ये पार्टच्या गुणधर्मांचं फार बारकाईने वर्गीकरण केलंय, पण तिघांच्या टीमने त्याच्या नादी लागू नये.

म्हणजे वर्णनाचा साचा तुम्हालाच ठरवायचाय. आमची चूक अशी की आम्ही तो डिझायनरच्या सोयीने ठरवायला बसलो. डिझायनरला तसंही माहीत असतं त्याने काय लावलंय. वर्णन खरं वाचतो तो परचेसवाला, तेही तो पार्ट बाजारात मिळत नसतो तेव्हा. त्याला एवढंच हवं असतं की याच्या बदल्यात दुसरा कुठला चालेल. म्हणून आमचा नियम असा झाला: जे बदललेलं चालणार नाही ते सगळं वर्णनात, आणि जे बदललं तर फरक पडत नाही ते वर्णनात नको.

हा नियम आम्हाला फुकट मिळाला नाही. एका बोर्डावर रेग्युलेटरच्या आउटपुटला जो कपॅसिटर होता त्याचं वर्णन होतं "१० यूएफ १६ व्ही ०८०५". बस्स. तुटवड्याच्या दिवसांत परचेसने त्याच वर्णनाचा दुसरा आणला, किंमत तीच, व्होल्टेज तेच, साइज तीच. फक्त आमचा एक्स७आर होता आणि आला तो वाय५व्ही. तापमानाने कपॅसिटरची क्षमता किती बदलते ते सांगणारे हे कोड. एक्स७आर उणे ५५ ते १२५ अंशांत १५ टक्क्यांपेक्षा जास्त हलत नाही. वाय५व्हीला त्याच्या तापमानाच्या मर्यादेतसुद्धा ८२ टक्क्यांपर्यंत घसरायची मुभा आहे. टेबलावर सगळे बोर्ड पास. मे महिन्यात शेतावर, पत्र्याच्या पॅनेलमध्ये, दुपारी एक वाजला की रीसेट व्हायला लागले आणि संध्याकाळी आपोआप नीट. दोन फेऱ्या मारल्या तेव्हा कुठे लक्षात आलं. परचेसवाल्याला बोलून काय उपयोग? वर्णनात जे लिहिलं होतं तेच त्याने आणलं होतं.

तेव्हापासून सिरॅमिक कपॅसिटरचं वर्णन असं: कॅप सिरॅमिक १००एन ५०व्ही एक्स७आर १०% ०६०३. आधी नाम, मग विशेषणं, आणि क्रम कधीही बदलायचा नाही. नाम आधी आलं की यादी अक्षरानुसार लावल्यावर सगळे कपॅसिटर एकाखाली एक येतात आणि जुळी भावंडं लगेच ओळखू येतात. मध्ये स्वल्पविराम नको, कारण सीएसव्ही फाइल कुणी धड उघडली नाही तर एक रकाना सरकतो आणि साइजच्या जागी टक्केवारी दिसते. व्होल्टेज कधीच गाळू नका. १० यूएफ ६.३ व्होल्टचा छोटा एक्स५आर कपॅसिटर ५ व्होल्टवर लावला की त्याची क्षमता निम्म्याहून कमी उरू शकते. "व्होल्टेजमध्ये बसतंय ना" म्हणून बदली करणाऱ्याला हे ठाऊक नसतं.

रेझिस्टरला: रेझ थिकफिल्म १०के १% ०.१डब्ल्यू ०६०३. रेझिस्टरलाही व्होल्टेजची मर्यादा असते हे पुष्कळ जण विसरतात. मेन्सच्या बाजूला असलेल्या रेझिस्टरच्या वर्णनात तेही घाला.

आता ०६०३. साइजचा हा कोड इंचाचा आहे, मिलिमीटरमध्ये तोच १६०८. पण मेट्रिकमध्येही ०६०३ आहे, आणि तो म्हणजे इंचातला ०२०१, धुळीचा कण. त्यासाठीच कीकॅड फूटप्रिंटच्या नावात दोन्ही लिहितो. वर्णनात इंचाचाच कोड वापरायचा असं लेखी ठरवून टाका. आणि त्या रकान्याला एक्सेलमध्ये आधी "टेक्स्ट" करा, नाहीतर पुढचं शून्य खाऊन ०६०३ चं ६०३ होतं.

एक किस्सा सांगण्यासारखा आहे. आमच्याकडे "४.७ µएफ" शोधलं की यादीतले निम्मेच पार्ट यायचे. डोळ्यांना सगळे सारखे. शेवटी कळलं की यूनिकोडमध्ये मायक्रोचं चिन्ह वेगळं आणि ग्रीक म्यू वेगळा. दिसायला दोन्ही हुबेहूब, पण कॉम्प्युटरच्या लेखी दोन अक्षरं. एकाने कीबोर्डवरून टाइप केलेलं, दुसऱ्याने डेटाशीटमधून कॉपी मारलेलं. ओहमच्या चिन्हाचंही तेच. आम्ही दोन्ही चिन्हं हद्दपार केली: मायक्रोला साधा यू, ओहमला आर. लहान एम (मिली) आणि मोठा एम (मेगा) यांचाही निकाल लावा. पंख्याच्या कपॅसिटरवर अजून "२.५ एमएफडी" छापलेलं असतं आणि तिथे एमचा अर्थ मायक्रो असतो!

सेमीकंडक्टरला मात्र हा साचा लावू नका. "ट्रान्झिस्टर एनपीएन ४०व्ही टीओ-९२" (टीओ-९२ हा पॅकेजचा आकार) एवढ्यावर बदली केली तर पाय चुकतात. पीएन२२२२ए ची सपाट बाजू आपल्याकडे धरली तर डावीकडून एमिटर, बेस, कलेक्टर. पी२एन२२२२ए मध्ये कलेक्टर, बेस, एमिटर. नावात एका आकड्याचा फरक आणि पाय उलटे. तिथे उत्पादकाचा पूर्ण पार्ट नंबर हीच ओळख. आणि चालणारे पर्याय असतील तर ते वेगळ्या रकान्यात, कुणीतरी डेटाशीट वाचून लिहिलेले.

कनेक्टरची गोष्ट वेगळीच. ड्रॉइंगवर "हेडर", डेटाशीटमध्ये तिसरंच काही, आणि आमच्या स्टोअरमध्ये किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात विचाराल तर "बर्गस्ट्रिप" नाहीतर "रिलीमेट". वर्णनात पिच (दोन पिनांमधलं अंतर), पिना, ओळी, सरळ की आडवा एवढं लिहायचं. बोलीतली नावं कीवर्डच्या रकान्यात टाकायची, कारण कीकॅडचा शोध तिथेही बघतो. आमच्या स्टोअरचे काका अजून रिलीमेटच टाइप करतात आणि त्यांना बरोबर सापडतो.

आता हे अमलात कसं आणायचं? वर्णन हाताने टाइप करणं बंद करा. किंमत, व्होल्टेज, टॉलरन्स, साइज हे वेगवेगळे रकाने ठेवा आणि वर्णन त्यातून जोडून तयार होऊ द्या. आम्ही आधी साध्या स्प्रेडशीटच्या सूत्राने केलं. कीकॅड ७ पासून, म्हणजे २०२३ पासून, डेटाबेस थेट लायब्ररी म्हणून जोडता येतो, आता तसं करतो. नवा पार्ट घालायचा हक्क एकाच माणसाकडे. सुरुवातीला बाकीचे दोघं कुरकुरतील, करू द्या.

सगळी लायब्ररी एका दमात साफ करायला जाऊ नका, आम्ही तो प्रयत्न तिसऱ्या दिवशी सोडला. गेल्या वर्षभराचे बीओएम एकत्र करा, सर्वांत जास्त वेळा आलेले पन्नासेक पार्ट काढा, तेवढेच नीट करा. उरलेले ज्या दिवशी नव्या बोर्डात लागतील त्या दिवशी. आणि चालू उत्पादनातल्या जुन्या बोर्डांना हात लावू नका. कीकॅड सिम्बॉलची प्रत स्किमॅटिकमध्येच (सर्किटच्या ड्रॉइंगमध्येच) ठेवतो, त्यामुळे लायब्ररी बदलली तरी जुनं ड्रॉइंग आपोआप बदलत नाही. "अपडेट सिम्बॉल्स" दाबलं तरच बदलतं, आणि ते बटण आमच्याकडे फक्त नवी रिव्हिजन काढतानाच दाबायचं असा नियम आहे.